एका चौकटीत दोघं

वार्सितीनं टेम्प्याची पिशवी पाटावर आडवी केली आणि खिळ्यानं तिला भोकं पाडायला घेतली. वरून एक रांग, मग पिशवी उलटी करून खालून एक रांग. प्लॅस्टिकमधून हवा गेली नाही तर आतल्या सोयाबीनला बुरशी धरत नाही, टेम्प्याची घट्ट वडी होत नाही, पाणी सुटतं, आंबतं, आणि मग ते शेजारच्या बदकांना घालावं लागतं. हे काम तिचे हात इतकी वर्षं करत होते की त्यांना तिची गरज उरली नव्हती. तिचं लक्ष दुसरीकडे असलं तरी भोकं सारख्या अंतरावर पडायची. खरं म्हणजे लक्ष दुसरीकडेही नसायचं. गेली तीन वर्षं ते कुठंच नव्हतं.

“आई, शाळेत रांग लागलीय,” नानिक दारातून म्हणाली. तिनं ठेवणीतला हिरवा स्कार्फ बांधला होता. पोट आता कपड्यांतून दिसायला लागलं होतं. “उन्हं चढली की मला उभं राहवणार नाही.”

“चल. एवढ्या दोनच राहिल्यात.”

उंबऱ्यावर कास्मिन जाळं मांडीवर घेऊन बसला होता. फाटलेल्या घरात सुई घालायची, गाठ मारायची, पुढच्या घराकडे जायचं. त्यानं मान वर केली नाही.

“पाकने, तुम्ही येताय ना?” वार्सितीनं विचारलं. पोरांचा बाप म्हणून तो पाकने आणि पोरांची आई म्हणून ती बुने. पहिल्या पोरापासून दोघं एकमेकांना अशीच हाक मारत आली होती. ते पहिलं पोर आता नव्हतं, पण हाक तशीच राहिली होती.

“मी त्या माणसाला मत देत नाही.”

“त्याला कोण देतंय? इबू वुलानला द्यायचंय.”

“शाळेच्या भिंतीवर मतपत्रिकेचा नमुना लावलाय, बघून आलो. दोघं एकाच चौकटीत आहेत, बुने. खिळ्यानं भोक तिला पाडलंस काय नि त्याला पाडलंस काय, निवडून तोच येणार.” त्यानं दातानं दोरा तोडला. “तू जा. मला फक्त सांगू नकोस.”

वार्सितीनं पिशव्या फळीवर रचल्या, खिळा डब्यात टाकला आणि हात धुतले. नवऱ्याचं चुकत होतं असं तिला अजिबात वाटत नव्हतं.

जिल्ह्याचा बुपाती, म्हणजे निवडून येणारा प्रमुख, सुतोपो दुसऱ्यांदा उभा होता. पहिल्या खेपेला निवडून आल्यावर त्यानं शहरात काचेच्या दारांचं मोठं इस्पितळ बांधलं आणि किनाऱ्यावरच्या गावांतले बाळंतपणाचे छोटे दवाखाने बंद केले. सगळ्यांनी मोठ्या इस्पितळातच यावं, तिथं यंत्रं आहेत, डॉक्टर आहेत. ऐकायला बरं वाटत होतं. पुढं वार्सितीच्या थोरल्या मुलीला, लस्त्रीला, बाळंत होताना रक्त जायला लागलं, तेव्हा गावातल्या दवाखान्याला कुलूप होतं आणि आत खताची पोती ठेवलेली होती. मासळीच्या पिकअपमधून तिला नेलं. गावची सुईण वुलान, जिला सगळे मानानं इबू म्हणत, सरकारी शिकलेली, नोकरीवरून बदली झालेली तरी गाव न सोडलेली, ती पिकअपमध्ये लस्त्रीच्या पोटावर मूठ दाबून बसली होती, सबंध वाटभर. पुलावर ट्रकांची रांग होती. इस्पितळाच्या फाटकात पिकअप शिरली तेव्हाही वुलाननं मूठ काढली नव्हती. ती काढायला तिथल्या माणसांनी तिला सांगितलं. बाळ लस्त्रीच्याही आधी गेलेलं होतं.

कागदपत्रं होईपर्यंत वार्सिती फाटकाजवळच्या बाकावर बसून होती. समोर एक भला मोठा फलक होता आणि त्यावर सुतोपो हसत होता. काळी टोपी, मिशी, डाव्या भुवईत एक छोटा खंड. दुसरं बघायला काही नव्हतं, म्हणून ती त्या चेहऱ्याकडे बघत राहिली. पुढं कुणीतरी एका सभेत लस्त्रीचा विषय काढला, तेव्हा सुतोपो म्हणाला, लोक उशिरा येतात, त्याला आम्ही काय करणार. त्यानंतर त्याचं नाव निघालं की कास्मिन ताटावरून उठायचा.

आणि आता त्याच सुतोपोच्या जोडीला नायब म्हणून वुलान उभी राहिली होती. जिल्ह्यात बुपाती आणि नायब जोडीनंच उभे राहतात, नवरा-बायकोसारखे, एक घेतला की दुसरा आलाच. सुतोपोला किनाऱ्यावरच्या बायकांची मतं हवी होती. तिथं घराघरात जिच्या हाताखाली पोरं जन्मली होती अशी ही एकच बाई होती.

पावसाळ्याआधी वुलान स्वतः सांगायला आली होती. आत या म्हटलं तरी आली नाही, पायरीवरच बसली. वार्सितीला ती थोरल्या बहिणीला म्हणावं तसं यू म्हणायची.

“पाच वर्षं बाहेर उभी राहून अर्ज दिले, यू. आता आत शिरून बघते. आरोग्य माझ्याकडे देईन म्हणालाय. पहिल्या वर्षात दवाखाने उघडायचे.”

“म्हणालाय,” वार्सिती म्हणाली.

“हो. म्हणालाय.”

जाताना वुलाननं नानिकच्या पोटाला हात लावून बघितलं आणि हात जरा जास्त वेळ तिथंच ठेवला. त्या हातासाठी वार्सितीनं ठरवलं. दुसरी जोडी माशांच्या खाद्याच्या कारखानदाराची होती, आणि आपल्या जिल्ह्याला समुद्र लागून आहे हे त्याला माहीत असेल की नाही अशी लोकांना शंका होती.

शाळेच्या अंगणात मांडव घातला होता. गावातल्या बायका रांगेत उभ्या होत्या, हसत नव्हत्या आणि भांडतही नव्हत्या. एरवी तांदळाच्या रांगेत यांचा गलका समुद्रापर्यंत जायचा. कुणी कुणाला विचारत नव्हतं की तू काय करणार. प्रत्येकीनं आपापल्या पायांकडे बघायचं ठरवल्यासारखं होतं.

“आई,” नानिक हळूच म्हणाली, “पोटुशी बाईनं काही टोचू नये म्हणतात.”

“मग आकड्यावर टोच. चौकटीत वर दोनचा आकडा आहे. आकड्याला काय होतंय.”

“आणि तू?”

“तू तुझं बघ.”

सुतोपोच्या पक्षाचा माणूस म्हणून जुमादी खुर्ची टाकून बसला होता. गळ्यात ओळखपत्र, हातात फोन. लहानपणी तो वार्सितीच्या अंगणात कच्चे आंबे चोरायला यायचा. तिला बघून अर्धवट उठला.

“या यू वार्सिती. तुमचे पाकने नाही आले?”

“जाळं फाटलंय.”

“रोजच फाटतं वाटतं.”

“समुद्र रोजच आहे ना,” ती म्हणाली आणि पुढं गेली.

पुठ्ठ्याच्या आडोशामागे एक टेबल, त्यावर स्पंजाची गादी आणि दोऱ्यानं बांधलेला खिळा. तिनं मतपत्रिका नीट पूर्ण उलगडली. घडी तशीच ठेवून टोचलं तर दोन भोकं पडतात आणि एखादं भलत्याच्या चौकटीत जातं. गेल्या खेपेला कितीतरी म्हाताऱ्यांची मतं तशी वाया गेली होती.

फोटो तोच होता. फलकावरचा. काळी टोपी, मिशी, भुवईतला खंड. नवा काढायलाही त्याला सवड झाली नसावी. त्याच्या शेजारी वुलान. तिला फोटोत नीट हसता आलं नव्हतं. फोटो काढणारा थांबा म्हणेपर्यंत थांबलेल्या माणसाचा असतो तसा तिचा चेहरा होता.

वार्सितीनं खिळा उचलला आणि वुलानच्या फोटोवर नेला. मत तिचं होतं, तिलाच द्यायचं होतं. पण खिळ्याचं टोक त्या चेहऱ्यावर टेकेना. गाल, डोळे, स्कार्फची कड, कुठंच. गावात कुणाच्या फोटोला टाचणी टोचलेली सापडली तर करणी केली म्हणून त्या घरचे मांत्रिकाला बोलावतात, सात घरचं पाणी आणून अंगण धुतात. ज्या बाईनं लस्त्रीच्या पोटावरची मूठ काढली नाही, तिच्या तोंडावर खिळा कसा मारायचा? नानिकला सांगितलेला आकड्याचा उपाय तिला त्या क्षणी आठवलाच नाही. हात आपोआप डावीकडे सरकला. सुतोपोच्या दोन भुवयांच्या मधोमध तिनं खिळा ठेवला आणि दाबला.

काहीतरी वाटेल असं तिला वाटलं होतं. सूड घेतल्यासारखं, किंवा लाज. टेम्प्याच्या पिशवीला पडतं तसंच भोक पडलं, आवाजही तसाच झाला. तिनं कागदाची घडी घातली, पेटीत टाकली, शाईत बोट बुडवलं आणि नानिकला घेऊन घरी आली. कास्मिन उंबऱ्यावर नव्हता. जाळं मात्र तिथंच पडलं होतं.

दुपारी मतदान संपल्यावर मोजणी तिथंच मांडवात सुरू झाली. गाव सगळं भोवती बसलं. पेटी उघडून शाळेचे मास्तर स्लामेत एकेक मतपत्रिका हातात घेत, उलगडत, दोन्ही हातांनी उन्हाकडे धरत, म्हणजे भोकातून उजेड यायचा आणि मागच्या माणसालाही दिसायचा.

“दोन नंबर. ग्राह्य!”

फळ्यावर एक रेघ ओढली जायची. पहिल्या मतपत्रिकेत उजेड सुतोपोच्या कपाळातून आला. दुसरीत नाकातून. तिसरीत पुन्हा कपाळातून. वार्सिती मांडवाच्या खांबाला टेकून बघत होती. मग डाव्या डोळ्यातून आला, मग तोंडातून, मग दोन्ही भुवयांच्या मधून, ते तिचं असेल किंवा दुसऱ्या कुणाचंही. एखादं आकड्यावर निघायचं. अधूनमधून एक नंबरची जोडी यायची, ती कशीही, कुठंही टोचलेली. वुलानच्या चेहऱ्यावर मात्र एकही भोक नव्हतं.

पलीकडे बसलेल्या लोणचंवाल्या म्हातारीनं वार्सितीकडे बघितलं. वार्सितीनं तिच्याकडे बघितलं. मग दोघींनी माना खाली घातल्या, चोरी करताना एकाच अंगणात भेटल्यासारख्या.

एक कागद मास्तरांनी उन्हाकडे धरला आणि ते थांबले. सुतोपोच्या तोंडाची चाळण झाली होती. टोपी तेवढी शिल्लक होती. मागं कुणीतरी खुदकन हसलं.

“हे बाद धरायचं का?” दुसऱ्या पक्षाच्या माणसानं विचारलं.

मास्तरांनी चष्मा सारखा करून भोकं तपासली. “सगळी एकाच चौकटीत आहेत. नियमात बसतं.” आणि जरा थांबून, “ग्राह्य!”

“याला म्हणतात प्रेम,” जुमादी म्हणाला. त्यानं त्या कागदाचाही फोटो काढला. तो प्रत्येकच कागदाचा काढत होता. “बघा लोकहो. तालुक्यात काहीजण म्हणत होते, किनाऱ्यावर मतं नर्सबाईमुळं पडणार. एका तरी माणसानं तिच्यावर टोचलंय का? सगळं आपल्या बापाक सुतोपोंवर. आत्ता पाठवतो त्यांना. खूश होतील.”

कुणीतरी बोलायला हवं होतं. वार्सितीच्या मनात वाक्य तयार होतं, अरे, जिच्यासाठी दिलं तिच्या तोंडावर कोण टोचेल? पण ते मोठ्यानं म्हणायचं म्हणजे सगळ्या गावासमोर म्हणायचं की ज्याला टोचलं त्याच्यावर आम्ही काय करत होतो. तिथं पोलीस होता, मास्तर होते, पक्षाची माणसं होती. आणि जुमादी मन लावून फोटो काढत होता, त्याच्या तोंडावर खरोखरचा आनंद होता. ती गप्प बसली. सगळ्याच गप्प बसल्या. जोडी क्रमांक दोन गावातून भरघोस मतांनी पुढं गेली, आणि रात्रीपर्यंत जिल्ह्यातूनही.

संध्याकाळी कास्मिन जेवायला बसला. भात कालवताना त्याची करंगळी नखापर्यंत जांभळी दिसली. वार्सितीनं त्याच्या ताटात टेम्प्याचा आणखी एक तुकडा वाढला. त्यानं सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही.

शपथविधीला आठवडा राहिला असताना वुलान आली. तिच्या जुन्याच मोटरसायकलवरून, डोक्यावर जुनंच हेल्मेट. गल्लीत उधाणाचं पाणी येऊन गेलं होतं, तिनं गाडी तोंडाशीच ठेवली आणि चिखल चुकवत चालत आली. एकेका दारात बायका उभ्या राहिल्या. एरवी त्यांनी तिला तीन घरं थांबवून खायला घातलं असतं. आज कुणी पुढं आलं नाही.

वार्सिती पिशव्यांना भोकं पाडत होती. वुलान तिच्यासमोर पाटावर बसली.

“दोन द्या. उद्याला तयार होतील अशा.”

“पैसे नकोत.”

“मग नको मला.” वुलाननं पैसे डब्याखाली सारले. एक पिशवी हातात घेऊन ती उगाच उलटी-सुलटी करत राहिली. “खातेवाटप झालं, यू. मला नृत्यस्पर्धा दिल्यात. आणि बागबगीचे.”

“आरोग्य?”

“त्यांनी स्वतःकडे ठेवलंय.”

“आणि दवाखाना?”

“विचार करू म्हणाले.” पुढचं वुलान बोलली ते अगदी सरळ आवाजात, तापमान सांगावं तसं. “मी भांडले. तर त्यांनी मोजणीचे फोनवरचे फोटो कागदावर काढून आणले होते, ते टेबलावर पसरले. म्हणाले, इबू वुलान, हे तुमचंच गाव. बघा लोकांना कोण हवंय. तुमच्यावर एक भोक असतं तरी मी मान्य केलं असतं.” ती हसली. तिला अजूनही नीट हसता येत नव्हतं. “मी रागावले नाही, यू. मला फक्त कळत नाहीये. तुम्ही सुद्धा त्यालाच दिलंत?”

वार्सितीच्या हातातला खिळा पिशवीवर टेकलेला होता.

“तुमच्या तोंडावर खिळा धरवेना,” ती म्हणाली.

वुलाननं हातातली पिशवी मांडीवर ठेवली.

“हात गेलाच नाही. मग त्याच्यावर मारला. चौकट एकच आहे ना, म्हटलं.”

“सगळ्यांनी?”

“सगळ्यांचं मला काय ठाऊक. कुणी कुणाला विचारलं नाही.”

वुलाननं वळून गल्लीकडे बघितलं. दारादारांत बायका तशाच उभ्या होत्या. तिची नजर आली तशा एकेक करून त्या आत सरकल्या. लोणचंवाली म्हातारी तेवढी राहिली, कारण तिला पटकन सरकता येत नव्हतं. वुलान बराच वेळ तिकडेच तोंड करून बसली. तिचे खांदे हलले, पण ती हसत होती की काय ते वार्सितीला मागून कळलं नाही. इकडं वळली तेव्हा तिनं स्कार्फच्या टोकानं नाक पुसलं होतं.

“नानिकचे दिवस कधी भरतात?” तिनं विचारलं.

“पुढच्या उधाणाच्या सुमाराला.”

“कळा सुरू झाल्या की लगेच मला फोन करायचा. वाट बघायची नाही, शेजारणीला विचारायचं नाही.”

“तुम्ही आता नायब. तुम्ही कुठं येणार?”

“नायबाला सरकारी गाडी असते, यू. तेवढी द्यावीच लागते, त्यात त्यांना काही करता येत नाही. मागची सीट आडवी होते, मी बघितलंय.” ती पिशवीवर हात फिरवत होती. “भोंगा पण आहे. पुलावर ट्रकवाले वाट देतात.”

वार्सितीनं मान हलवली. ज्यासाठी सगळ्या गावानं मनावर दगड ठेवला होता त्यातलं एवढंच पदरात पडलं, एक गाडी आणि एक भोंगा. तिनं पुढची पिशवी ओढली आणि पहिलंच भोक वाकडं पडलं.

उंबऱ्यावर कास्मिननं जाळं बाजूला ठेवलं. इतका वेळ तो गाठी मारत होता आणि ऐकत नव्हता असंच वाटत होतं. निवडणूक, सुतोपो, दवाखाना, या विषयावर तो त्या सकाळनंतर घरात एक शब्द बोललेला नव्हता.

“केवढी असते ती गाडी?” त्यानं विचारलं.

वुलाननं दोन्ही हात फाकवून दाखवले. मग जरा विचार करून आणखी फाकवले.

कास्मिननं त्या हातांकडे बघितलं, मग गल्लीकडे. एका बाजूला गटार होतं, दुसऱ्या बाजूला त्याचं स्वतःचं बांबूचं कुंपण, लस्त्रीच्या लग्नाच्या वर्षी घातलेलं. तो उठला, लुंगी वर खोचली आणि कुंपणाच्या पहिल्या बांबूला दोन्ही हातांनी धरून हलवायला लागला.